शांतिब्रह्म श्रीएकनाथमहाराज : स्वातंत्र्य आणि मर्यादा

व्यक्तीने समाजाच्या नियमांत कोठवर राहावे आणि समाजाने व्यक्तीच्या विवेकाला कोठवर वाव द्यावा, हा प्रश्न अर्वाचीन राज्यशास्त्राने प्रथम उपस्थित केला, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु आपल्या संतांची चरित्रे लक्षपूर्वक पाहिली, तर हाच प्रश्न कित्येक शतके आधी धर्माच्या अंगणात उभा राहिलेला दिसतो. तेथे तो ग्रंथातील वादविषय म्हणून येत नाही. पंक्तीला कोणी बसावे, कथा कोणत्या भाषेत सांगावी, वाटेवर पडलेले मूल कोणी उचलावे, अशा नित्याच्या व्यवहारांतून तो समोर येतो. श्रीमठाच्या या स्मरणग्रंथात पैठणच्या श्रीएकनाथमहाराजांचे चरित्र याच एका प्रश्नाच्या अनुरोधाने मांडण्याचे योजिले आहे. मठ ही स्वतःच एक व्यवस्था आहे. तिला आचार आहे, पंक्ती आहे, परंपरा आहे, निर्णयाचा अधिकारही आहे. तेव्हा ज्या पुरुषाने व्यवस्थेचा त्याग केला नाही आणि तरीही तिच्यापाशी आपला विवेक गहाण ठेवला नाही, त्याचे चरित्र मठाच्या भक्तांनी विशेष आस्थेने पाहण्यासारखे आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाथांच्या चरित्रातील बहुतेक प्रसंग आपणांस ताहराबादच्या महिपतींच्या ‘भक्तिविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांमुळे परिचित आहेत. हे ग्रंथ नाथांच्या निर्वाणानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी रचले गेले. म्हणून त्यांतील कथा येथे परंपरा म्हणूनच दिल्या आहेत. नाथांच्या ग्रंथांतच जे कालनिर्देश व स्थलनिर्देश आहेत, त्यांचा आधार त्याहून दृढ आहे.

गोदावरीच्या उत्तर तीरावरील पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, हे निर्णयांचे नगर होते. शास्त्रार्थात संशय पडला की लोक पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे धाव घेत. तेराव्या शतकाच्या अखेरीस आळंदीची चार भावंडे शुद्धिपत्रासाठी येथेच आली होती. त्यांचे वडील विठ्ठलपंत यांनी संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले. या एका कृत्याचे फळ त्यांच्या निष्पाप मुलांना भोगावे लागले. त्या मुलांना मुंजीचा अधिकार नाकारला गेला आणि त्यांच्या मातापित्यांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, असे परंपरा सांगते. नियम किती कठोर होऊ शकतो आणि त्याचे ओझे कोणाच्या माथी येते, याची आठवण पैठणच्या मातीत मुरलेली होती. त्याच पैठणात सुमारे अडीच शतकांनी, शके १४५५ म्हणजे इ. स. १५३३ च्या सुमारास, एकनाथांचा जन्म झाला.

घराणे भगवद्भक्त भानुदासांचे. विजयनगरास नेलेली श्रीविठ्ठलाची मूर्ती पंढरपुरास परत आणण्याचे श्रेय परंपरा भानुदासांना देते. त्यांचे पुत्र चक्रपाणी, चक्रपाणींचे सूर्यनारायण आणि सूर्यनारायण व रुक्मिणी यांचे पुत्र एकनाथ. मातापित्यांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे आजोबा चक्रपाणींनी नातवाचा सांभाळ केला. वृद्ध आजी-आजोबांचा तो एकुलता आधार होता. तरीही बालवयातच गुरूच्या ओढीने एके दिवशी कोणास न सांगता त्याने देवगिरीची वाट धरली. नाथांच्या चरित्रातील हे पहिले स्वातंत्र्य होय, आणि त्याची किंमत त्या दोन वृद्ध जिवांनी मोजली, हेही विसरून चालणार नाही. ज्याच्या अंतरात हाक उठते, तो स्वतः चालू लागतो. मागे राहिलेल्यांनी कोणताच निर्णय केलेला नसतो.

देवगिरीस जे गुरू भेटले, तेही विचार करायला लावणारे आहेत. जनार्दनस्वामी हे मूळचे चाळीसगावचे. दत्तभक्त, गृहस्थ आणि अहमदनगरच्या निजामशाहीच्या चाकरीत देवगिरीच्या किल्ल्यावरील अधिकारी. अरण्यातील आश्रमाऐवजी तोफा आणि दफ्तरे यांच्या सान्निध्यात नाथांचे शिष्यत्व गेले. गुरूंनी त्यांना शास्त्राबरोबर हिशेबही शिकविला. एका पैची चूक शोधण्यासाठी नाथ रात्रभर जागले आणि ती सापडताच आनंदाने त्यांनी टाळी वाजविली. तेव्हा एवढ्याशा चुकीचा उलगडा होताच इतका हर्ष, तर संसाराच्या मूळ भ्रांतीचा उलगडा झाल्यावर किती होईल, असे गुरूंनी सुचविले, ही कथा सर्वश्रुत आहे. घर सोडताना ज्याने कोणास विचारले नाही, त्याने येथे स्वखुशीने कडक शिस्त पत्करली. मनुष्य आपले बंधन आपण निवडतो, तेव्हा ते बंधन त्याला घडविते. देवगिरीजवळच्या शूलिभंजन पर्वतावर नाथांनी तप केले, आणि श्रीदत्तात्रेयांनी मलंगाच्या वेषात येऊन दर्शन दिले तेव्हा तो वेष पाहून ते प्रथम गोंधळले, असे महिपती सांगतात. देव आपल्या ओळखीच्या वेषातच येईल असे नाही, हा धडा त्यांना तारुण्यातच मिळाला. पुढे त्यांनी हिंदू आणि तुर्क यांच्या संवादाचे भारूड रचले, त्याचे बीज बहुधा या वातावरणात असावे.

गुरूंच्या आज्ञेने तीर्थयात्रा झाली. त्र्यंबकेश्वरापर्यंत जनार्दनस्वामी बरोबर होते आणि त्याच यात्रेत चतुःश्लोकी भागवतावरील टीका रचली गेली. यात्रेहून नाथ पैठणास परतले, परंतु घरी न जाता गावाबाहेर राहिले. इकडे चक्रपाणींनी देवगिरीस जाऊन जनार्दनस्वामींकडून एक पत्र आणून ठेविले होते. त्यात अशी आज्ञा होती की, जेथे हे पत्र वाचशील तेथेच राहा आणि गृहस्थाश्रम स्वीकार. नाथांनी पत्र वाचले आणि ते तेथून हलले नाहीत. त्याच जागी पुढे त्यांचे घर उभे राहिले, अशी परंपरा आहे. बालपणी दुखावलेल्या आजी-आजोबांचे ऋण अशा रीतीने फिटले. गिरिजाबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्यांना हरिपंडित हा पुत्र आणि दोन कन्या झाल्या. प्रसिद्ध कवी मुक्तेश्वर हे त्यांच्या कन्येचे चिरंजीव. संन्यासाचा मोकळा मार्ग समोर असताना नाथ समाजाच्या ऐन मध्यभागी राहिले. यापुढे त्यांना जे काही करावयाचे होते, ते शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत करावयाचे होते.

नाथांचा दिनक्रम व्यवस्थित होता. पहाटे स्नान, संध्या, पूजा, ग्रंथलेखन, माध्यान्हीस अतिथिभोजन, तिसऱ्या प्रहरी पुराण, रात्री कीर्तन. नित्यनैमित्तिक कर्मे त्यांनी टाकली नाहीत. श्राद्धपक्ष टाकला नाही. स्वतःस आचाराच्या वर मानले नाही. मात्र त्यांच्या कीर्तनात कोणासही मज्जाव नव्हता. तेथे सर्व थरांतील लोक येऊन बसत आणि जे घरात शिजे, ते मागणाऱ्यास मिळे. त्यांच्या घरावर गावाची नजर होती, ती एवढ्यासाठीच.

त्या काळच्या धर्माधिकाऱ्यांचाही येथे न्यायाने विचार केला पाहिजे. सोळावे शतक दक्षिणेत मोठ्या उलथापालथीचे होते. १५६५ मध्ये विजयनगरचे साम्राज्य मोडले. गोव्यात १५६० पासून पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय चालू झाले आणि त्याच दशकात श्रीमंगेश, श्रीशांतादुर्गा अशी दैवते मूळ ठिकाणांहून हलवून त्या वेळी आदिलशाहीत असलेल्या अंत्रुज महालात न्यावी लागली. गोमंतकीय भक्तांना ही कथा नव्याने सांगावयास नको. राज्य हातात नव्हते, देवालये सुरक्षित नव्हती. अशा वेळी सोवळे, पंक्ती आणि विवाहसंबंध यांचे नियम हाच समाजाला आपला शेवटचा कोट वाटू लागला. म्हणून नियमाच्या राखणदारांचा कठोरपणा केवळ दुष्टपणातून आला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यात भय होते, आणि ते भय सकारण होते. परंतु कोट राखता राखता ज्यांच्यासाठी तो बांधला, त्यांतीलच काही जीव बाहेर उन्हात राहिले आहेत, हे भयभीत माणसाला दिसत नाही. नाथांना ते दिसले.

हे उन्हात राहणे शब्दशः घडले. मध्याह्नी गोदावरीच्या वाळवंटात एक लहान मूल चुकून मागे राहिले होते आणि तापलेल्या वाळूत रडत होते. मूल अस्पृश्य मानलेल्या जातीचे होते. नाथ स्नान करून येत होते. त्यांनी ते उचलले, कडेवर घेतले, त्याचे नाकडोळे पुसले आणि त्याच्या आईबापांच्या घरी नेऊन पोचविले. या प्रसंगी शास्त्रार्थ करण्यास अवकाश नव्हता; वाळू तापलेली होती. येथे नियम मोडावा असा त्यांचा उद्देश नव्हता. मूल उचलावे, एवढाच होता. नियम आड आला, आणि तो बाजूला राहिला. काशीहून रामेश्वरासाठी कावडीने आणलेले गंगाजल तृषेने तळमळणाऱ्या गाढवाला पाजल्याची कथाही याच जातीची आहे.

श्राद्धाचा प्रसंग याहून कठीण होता. पितृतिथीचा स्वयंपाक सिद्ध झाला होता, ब्राह्मणांना क्षण दिलेला होता. अन्नाचा वास दरवळला, तेव्हा बाहेरून जाणाऱ्या अस्पृश्य मानलेल्या एका कुटुंबातील मुलांना भूक आवरेना. आपल्या नशिबी असले अन्न नाही, असे त्यांचे आपसांतील बोलणे नाथांच्या कानी पडले. त्यांनी गिरिजाबाईंना सांगितले आणि त्या माउलीने मागेपुढे न पाहता ते सारे अन्न त्या उपाशी जिवांना वाढले. मग घर सारवून नव्याने स्वयंपाक केला. परंतु ब्राह्मणांनी पानावर बसण्यास नकार दिला. तेव्हा नाथांनी पाने मांडून पितरांना आवाहन केले आणि पितर प्रत्यक्ष येऊन जेवून गेले, असे परंपरा सांगते. ब्रह्मवृंदाने त्यांना वाळीत टाकले आणि प्रायश्चित्त फर्माविले.

आता नाथांचे पुढील वर्तन पाहावे. पितर स्वतः येऊन जेवले, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला गावच्या निर्णयाची काय पर्वा, असे आपणांस वाटेल. नाथांनी तसे केले नाही. ते प्रायश्चित्त घेण्यास गोदातीरी गेले. विधी चालू असतानाच त्र्यंबकेश्वराहून एक महारोगी ब्राह्मण तेथे आला. उपाशी अंत्यजांना अन्न दिल्याचे पुण्य नाथांनी दान केले तर रोग जाईल, असा दृष्टान्त त्याला झाला होता. नाथांनी ते पुण्य त्याच्या हातावर उदक सोडून दिले आणि तो रोगमुक्त झाला. ज्या कृत्याचे पाप धुण्यासाठी विधी चालला होता, त्याच कृत्याचे पुण्य दुसऱ्याचा रोग धुण्यास उपयोगी पडले. ब्रह्मवृंद निरुत्तर झाला, अशी ही कथा आहे.

या कथेत नाथांच्या वर्तनाचे रहस्य आहे असे मला वाटते. अन्न देताना त्यांनी कोणाची परवानगी विचारली नाही, आणि दंड सोसताना कोणाशी भांडण केले नाही. केलेल्या कर्माचा पश्चात्ताप झाला म्हणून ते प्रायश्चित्तास बसले नव्हते. प्रसंग आला असता त्यांनी पुन्हा तेच केले असते आणि परंपरेने सांगितलेल्या पुढील प्रसंगांत तसे केलेही. राण्या नावाच्या हरिभक्त महाराच्या घरी ते भोजनास गेले, ही कथा प्रसिद्धच आहे. मग दंड का सोसला? कारण समाजाला नियम करण्याचा आणि नियम मोडणाऱ्यास जाब विचारण्याचा अधिकार आहे, हे त्यांना मान्य होते. मात्र तो अधिकार करुणेच्या वर आहे, हे त्यांना मान्य नव्हते. एका बाजूस हे आणि दुसऱ्या बाजूस ते, असे दोन्ही सांभाळताना मध्ये जो ताण उत्पन्न होतो, तो त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला. समाजावर टाकला नाही आणि उपाशी मुलांवरही टाकला नाही.

याच सुमाराच्या दुसऱ्या एका संघर्षात प्रश्न अन्नाचा नव्हता, भाषेचा होता. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावर नाथांनी मराठीत टीका आरंभिली. पहिले पाच अध्याय पैठणास झाले. त्यांची वार्ता काशीस पोचली तेव्हा तेथील विद्वानांत क्षोभ उसळला. भागवतासारखा ग्रंथ प्राकृतात आणणे हा त्यांना अधिकाराचा अतिक्रम वाटला. तेथील एका मठाधिपती यतींनी नाथांना बोलावून घेतले. नाथ गेले. पैठणास स्वस्थ बसून उत्तर धाडणे त्यांना शक्य होते. ग्रंथ अर्धवट टाकणेही शक्य होते. त्यांनी या दोन्ही वाटा सोडल्या. आक्षेप घेणाऱ्यांच्या नगरात जाऊन ते राहिले आणि उरलेले सव्वीस अध्याय त्यांनी तेथेच पूर्ण केले. शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेस, म्हणजे १५७३ मध्ये, वाराणसीत ग्रंथ समाप्त झाला. तत्पूर्वी शके १४९३ मध्ये ‘रुक्मिणीस्वयंवर’ही तेथेच सिद्ध झाले होते.

त्या यतींच्या संबंधात परंपरा जे सांगते, ते मठाच्या भक्तांनी अवश्य ध्यानी घ्यावे. आरंभी त्यांनी नाथांचे मुख पाहण्यासही नकार दिला आणि मध्ये पडदा लावला. परंतु पडद्याआडून का होईना, ग्रंथ ऐकण्याचे त्यांनी मान्य केले. वाचन सुरू झाले, अर्थ उलगडू लागला आणि पडदा दूर झाला. शेवटी काशीत त्या मराठी ग्रंथाचा गौरव होऊन मिरवणूक निघाली. या कथेत नाथांचे थोरपण तर आहेच. परंतु ज्या अधिकाऱ्याने आपला राग बाजूस ठेवून आधी ऐकले आणि मग निर्णय केला, त्याचेही थोरपण आहे. ग्रंथ न ऐकताच गंगेत बुडविण्याची आज्ञा तो देऊ शकत होता. अधिकाराची खरी कसोटी शिक्षा देण्याच्या सामर्थ्यात नसून ऐकून घेण्याच्या सामर्थ्यात असते.

येथे आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा आहे आणि वर्णाश्रमांच्या धर्मांचे सविस्तर विवेचनही आहे. सर्व बंधनांच्या पलीकडे गेलेला अवधूत आणि बंधनांची रचना सांगणारे अध्याय एकाच स्कंधात आहेत. नाथांनी दोहोंवर सारख्याच निष्ठेने टीका केली. आपणांस सोयीचे तेवढे घेऊन बाकीचे गाळले नाही.

घराबाहेरील विरोध सोसणे सोपे असते. घरातील विरोध सोसणे फार कठीण. पुत्र हरिपंडित व्युत्पन्न संस्कृतज्ञ झाले. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे आणि कोणाच्याही घरचे अन्न घ्यावे, हे त्यांना रुचेना. ते काशीस निघून गेले. संस्कृत पाठशाळेत ज्याचा दिवस जातो, त्याला हरिपंडितांविषयी सहानुभूती वाटल्यावाचून राहत नाही. शब्दाच्या शुद्धीवर ज्याचे जीवन उभे आहे, त्याला मिश्रणाचे भय वाटणे स्वाभाविक आहे. नाथांनी काशीस जाऊन मुलाची समजूत घातली. मुलाने दोन अटी घातल्या: प्राकृत पुराण सांगावयाचे नाही आणि परान्न घ्यावयाचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या. ज्याने काशीच्या विद्वानांपुढे माघार घेतली नाही, त्याने आपल्या पुत्रापुढे घेतली. पुराणिकाच्या आसनावर हरिपंडित बसू लागले. त्यांचे निरूपण शास्त्रशुद्ध होते. परंतु श्रोते हळूहळू पांगले.

पुढे एक वृद्ध स्त्री आली. सहस्र ब्राह्मणांना भोजन घालण्याचा तिने पूर्वी संकल्प केला होता, परंतु दारिद्र्यामुळे तो फिटेना. नाथ एकटे जेवले तरी संकल्प पूर्ण होईल, या श्रद्धेने तिने त्यांना बोलाविले. तिच्या काकुळतीपुढे अट टिकली नाही. स्वयंपाक हरिपंडितांनी करावा आणि नाथांनी तिच्या घरी जेवावे, असे ठरले. भोजनानंतर हरिपंडित पत्रावळ उचलू लागले, तो खाली दुसरी दिसली. ती उचलली, तो तिसरी. अशा सहस्र पत्रावळी निघाल्या आणि पुत्राचा अभिमान गळाला, असे परंपरा सांगते. ही कथा सांगताना आपण पत्रावळी मोजतो. परंतु त्याआधीचा काळ मोजत नाही. श्रोते पांगत असताना, आपले जीवितकार्य बंद पडलेले पाहत असताना, पिता गप्प राहिला. स्वतःसाठी जे स्वातंत्र्य त्यांनी घेतले होते, तेच आपल्याशी असहमत होण्याचे स्वातंत्र्य त्यांनी मुलालाही दिले.

मर्यादा कोठे पाळावी, हे नाथांना चांगले कळत होते. त्याची साक्ष ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणात मिळते. जवळजवळ तीनशे वर्षांत नकलाकारांनी ज्ञानेश्वरीत मनाला येईल तसे पाठ घुसडले होते. नाथांनी अनेक प्रती मिळवून पाठ शुद्ध केला आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, हे कार्य तडीस नेले. शेवटी, या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये, अशी निक्षून विनंतीही त्यांनी केली. लोकांची भाषा मोकळी करणारा हाच पुरुष ग्रंथाच्या पाठाबाबत इतका काटेकोर होता. स्वतः एवढे मोठे कवी असून माउलींच्या ग्रंथात त्यांनी आपली भर घातली नाही.

आणि जेथे मोकळीक हवी, तेथे त्यांनी ती मुक्त हस्ताने दिली. त्यांच्या भारुडांत जोशी, गोंधळी, वाघ्या, मुरळी, भुत्या, महार अशी गावगाड्यातील सारी माणसे बोलतात. ज्याला गावात बोलण्याचा अधिकार नव्हता, त्या महाराच्या मुखाने नाथांनी परमार्थ सांगविला आणि ऐकणाऱ्यांत ब्राह्मणही बसले. मराठी कुटुंबे पोटापाण्यासाठी जेथे जेथे गेली, तेथे नाथांची भारुडेही त्यांच्याबरोबर गेली.

आता एक कटू सत्य सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. नाथांच्या पश्चात समाजव्यवस्था होती तशीच राहिली. ज्या विठ्ठलाचे त्यांनी आयुष्यभर कीर्तन केले, त्याच्या पंढरपूरच्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडण्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. म्हणजे मध्ये जवळजवळ साडेतीनशे वर्षे गेली. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या भारतीय संविधानाने आपल्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, तेव्हा कोठे कायद्याने हा प्रश्न मिटला. १९३५ मध्ये प्रभात चित्रसंस्थेने बालगंधर्वांना नाथांच्या भूमिकेत घेऊन ‘धर्मात्मा’ हा बोलपट काढला होता. त्याचा उल्लेख करून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिसंस्थेवरील आपल्या प्रसिद्ध प्रबंधाच्या संदर्भात असा आक्षेप घेतला की, संतांनी ईश्वरापुढील समता सांगितली, माणसामाणसांतील समतेसाठी लढा दिला नाही. आणि लोकांनीही असाच बोध घेतला की, संताने जात मोडली तर चालते, सामान्याने मोडता कामा नये.

हा आक्षेप भक्ताच्या मनाला लागतो. पण त्याचा दुसरा भाग टाळता येत नाही. आपण काय केले, ते पाहावे. पितर जेवले, महारोगी बरा झाला, पत्रावळी सहस्र निघाल्या. प्रत्येक कथेच्या शेवटी चमत्कार घडला आणि आपण हात जोडले. चमत्कार झाला म्हणून नाथांचे कृत्य योग्य ठरले, आणि आपल्या हातून चमत्कार होणार नाही म्हणून ते कृत्य आपल्याला लागू नाही, अशी आपण स्वतःची सोय करून घेतली. परंतु कथेतील क्रम पाहिला तर, मूल उचलताना, अन्न वाढताना, म्हातारीच्या घरी पानावर बसताना चमत्कार झालेला नव्हता. तो होईल हे नाथांना ठाऊक नव्हते. त्या क्षणी ते आपल्यासारखेच गृहस्थ होते. वाळीत पडण्याचे भय त्यांनाही होते आणि पत्नी व मुले त्यांच्याही घरी होती. स्वतःला अपवाद मानले असते, तर ते प्रायश्चित्तास गेलेच नसते. एका साध्या गृहस्थाने, नियम मानणाऱ्या माणसाने, हे करावे, असेच त्यांच्या वर्तनाचे सांगणे आहे. त्यांना अपवाद आपण ठरविले.

मठांकडे आणि धर्मपीठांकडे पूर्वी ग्रामण्याचे निर्णय येत. कोणाला पंक्तीला घ्यावे, कोणाला वर्ज्य करावे, हे तेथे ठरे. तो काळ गेला. परंतु अधिकाराचे स्वरूप पालटले तरी प्रश्न उरतोच. मठाच्या एखाद्या शिष्याने विवेकाला स्मरून रूढीविरुद्ध काही केले, तर आपण पडदा लावून बसणार, की पडद्याआडून का होईना आधी ऐकणार? आणि ज्याला रूढी मोडावीशी वाटते, तो मठाकडे पाठ फिरवून जाणार, की नाथ काशीस गेले तसा समोर येऊन उभा राहणार? व्यवस्थेने ऐकावे आणि व्यक्तीने समोर यावे, या दोन गोष्टी घडल्या तर संघर्षातूनही धर्म वाढतो. यांतील एक जरी चुकली, तरी दोघांचीही हानी होते.

नाथांचा शेवटचा मोठा ग्रंथ ‘भावार्थरामायण’. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि लेखणी थांबली. उरलेला भाग गावबा नावाच्या शिष्याने पूर्ण केला. हा गावबा पुरणपोळीच्या आवडीने नाथांच्या घरी येऊन राहिलेला मंदबुद्धी मुलगा होता, असे परंपरा सांगते. घरात व्युत्पन्न पुत्र असताना ग्रंथाचा शेवट अशाच्या हातून व्हावा, यातही नाथांचे अंतःकरण दिसते. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस कीर्तन करीत ते गोदावरीच्या पात्रात उतरले आणि त्यांनी देह ठेविला. जनार्दनस्वामींचे निर्वाणही याच तिथीचे मानतात. नाथषष्ठीस पैठणात आजही लक्षावधी भाविक जमतात.

त्या गर्दीत उभ्या असलेल्या प्रत्येकाला, आणि श्रीमठाच्या पंक्तीस बसणाऱ्या आपणां सर्वांना, तापलेल्या वाळूत रडणारे मूल ऐकू येण्याइतके कान मिळोत, हीच श्रीसद्गुरुचरणी प्रार्थना.